हाताने फिरवलं, अडलं नाही, म्हणजे कॅम बसला असं नाही

बायकवाल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: परफॉर्मन्स कॅम (ताकद वाढवायला बसवतात तो, व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) बसवताना व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मोजायची गरज नसते. कॅम तयार होऊनच येतो, टॅपेट लावले की क्लिअरन्स येतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तेव्हा पिस्टन खालीच असतो, आणि खात्रीच करायची तर इंजिन हाताने फिरवायचं. अडलं नाही तर बिनधास्त चालू करायचं. वर हेही जोडलंय की हेड (सिलिंडरच्या डोक्यावरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडून मोजायला सांगणारा मेकॅनिक नुसती मजुरी वाढवतोय. मी भांडुपला गॅरेज चालवतो. एकाच आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी मोबाइल पुढे करून हाच मेसेज दाखवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

आधी टॅपेट. घोळ ‘क्लिअरन्स’ या एका शब्दाचा आहे. टॅपेट लावताना आपण बघतो ती रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा तुकडा) आणि व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकामधली फट. ती व्हॉल्व्ह बंद असताना, फीलर गेजच्या पातळ पानाने बघतात. छोट्या एअर-कूल्ड इंजिनांत ती साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. कॅम बदलताना काळजी असते ती वेगळ्याच अंतराची: उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांच्यातलं. ते अख्ख्या मिलिमीटरांच्या हिशेबात असतं आणि टॅपेट कितीही नेमका लावला तरी त्याचा पत्ता लागत नाही. यूसीई (इंजिन आणि गियरबॉक्स एकत्र असलेल्या) बुलेटला तर हायड्रॉलिक टॅपेट असतात, फीलर गेज घालायचा प्रश्नच येत नाही. पिस्टन मात्र तिथेही वर येतोच.

दुसरा मुद्दा, कॅम तयार होऊन येतो. येतो, पण कॅम बनवणाऱ्याने हिशेब मूळ इंजिन धरून केलेला असतो. तुमच्या गाडीचं हेड मागच्या मालकाने प्लेन करून, म्हणजे खालून घासून घेतलंय का, हेडखालचं पॅकिंग पातळ टाकलंय का, पिस्टन कुठला आहे, हे त्याला कुठून कळणार? हेड प्लेन केलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो, हे कोणीही सांगेल. पण टायमिंग चेनच्या इंजिनात आणखी एक गोष्ट होते. हेड खाली सरकल्याने कॅमचं टायमिंग थोडं मागे पडतं, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि वर येणारा पिस्टन त्याला आणखी जवळ गाठतो. एकाच कामाने दोन्हीकडून अंतर कमी झालं.

मुंबईत बरेच जण नवा कॅम न घेता जुनाच घासून घेतात. घासताना लोबची (कॅमवरच्या उंचवट्याची) मागची गोल बाजू कमी करतात, म्हणून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, वाढते. मग टॅपेटचा स्क्रू जास्त आत घ्यावा लागतो आणि रॉकरचा कोन बदलतो. वरचा कडक थर जास्त घासला गेला तर लोब लवकर झिजतो ते वेगळंच. असा कॅम ‘तयार’ आहे असं कोण म्हणेल?

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. मेसेजमध्ये लिहिलंय की व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त उघडतो तेव्हा पिस्टन बराच खाली असतो, मग आपटेल कसा? बरोबर आहे. इनटेकची पूर्ण लिफ्ट साधारणपणे टीडीसीनंतर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) शंभरेक अंशांनी येते. पण धोका तिथे नसतोच. धोका असतो टीडीसीच्या आसपास, एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडत असतो तेव्हा; यालाच ओव्हरलॅप म्हणतात. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह टीडीसीच्या साधारण दहा अंश आधी पिस्टनच्या सगळ्यात जवळ असतो, इनटेकचा साधारण दहा अंश नंतर. परफॉर्मन्स कॅम नेमका याच वेळी दोन्ही व्हॉल्व्ह जास्त उघडे ठेवतो. काही हेडमध्ये तर पिस्टनच्या आधी हे दोन व्हॉल्व्हच एकमेकांना लागतात.

आता हाताने फिरवायचा मुद्दा. यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. फिरवून जरूर बघा, मीही बघतो. पण त्यातून एवढंच कळतं की थंड इंजिनात, गोगलगाईच्या वेगाने, अंतर शून्यापेक्षा जास्त आहे. ०.२ मिमी असलं तरी हाताला काही लागणार नाही. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. तेव्हा कनेक्टिंग रॉड ताणला जातो, चेन थरथरते, टीडीसीला पिस्टन किंचित डुलतो. आणि कसारा घाट उतरताना चुकून एक गियर जास्त खाली पडला, की आरपीएम स्प्रिंगच्या ताकदीबाहेर जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही, पिस्टन खालून येऊन त्याला गाठतो. म्हणून साधारण इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर ठेवायची पद्धत आहे. कॅमसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

पावसाळ्याआधी एक मुलगा सिंगल सिलिंडर गाडी घेऊन आला. कॅम त्याने दुसरीकडे बसवून घेतला होता. तिथे हाताने फिरवून दाखवलं होतं आणि अडलं नव्हतं. “काका, फक्त आवाज ऐका,” म्हणाला. मी हेड उतरवलं. पिस्टनवर जिथे व्हॉल्व्ह येतो तिथे पोरांच्या खेळातली माती थापली, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं, तेच पॅकिंग घालून हेड पूर्ण कसलं, टॅपेट लावले आणि क्रँक सावकाश दोन फेरे फिरवला. हेड काढल्यावर मातीत व्हॉल्व्हचा ठसा चंद्रकोरीसारखा उमटला होता. ब्लेडने आडवा काप घेऊन पातळ कड वर्निअरने मोजली. एक्झॉस्टला ०.७. तो मुलगा ती कड बोटावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. पिस्टन मशीनवर देऊन खाच खोल करून घेतली, अर्थात वरच्या भिंतीची जाडी तपासूनच. पुन्हा माती लावली, तेव्हा २.६ आलं.

पिस्टनचं झालं तरी स्प्रिंग राहते. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत, आणि रिटेनर (स्प्रिंगच्या वरची टोपी) खालच्या ऑइल सीलवर बसता कामा नये. दोन्हीकडे दीड मिमी तरी मोकळं ठेवा.

राहिला मजुरीचा मुद्दा. माती कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते, डायल गेज (सुईवर बारीक अंतर दाखवणारं माप) मुंबईच्या नागदेवीच्या अवजारांच्या बाजारात. काम अर्ध्या दिवसाचं. वाकलेला व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन आणि खराब झालेलं हेड यांचा हिशेब तुम्हीच करा.

न मोजता कॅम बसवला असेल आणि गाडीला स्क्रूचे टॅपेट असतील, तर हेड न उतरवताही तपासता येतं. टॅपेट कव्हर काढा. क्रँक ओव्हरलॅपच्या टीडीसीच्या दहा अंश आधी आणा, डायल गेज एक्झॉस्टच्या रिटेनरवर टेकवून शून्य करा आणि टॅपेटचा स्क्रू हळूहळू आत घ्या. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला की हाताला कळतं, जोर लावू नका. गेजवर दिसेल ते अंतर. मग टीडीसीच्या दहा अंश पुढे जाऊन इनटेकला तसंच करा. त्याच्या दोन-चार अंश अलीकडे-पलीकडेही एकेकदा मोजा, कारण सगळ्यात कमी आकडा कुठे येईल ते कॅमवर असतं. क्रँक पुढे फिरवण्याआधी दर वेळी स्क्रू मागे घ्यायला विसरू नका. तो आकडा हातात येईपर्यंत गाडी स्टँडवरच राहू द्या.