काका, १५ एप्रिल चुकलेली नाही

नमस्कार काका,

टॅक्स रिटर्न भरायच्या १५ एप्रिलच्या मुदतीआधी, शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोनदा केलेला फोन उचलला गेला नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागते. माझ्या टॅक्सच्या ऑफिसात मी आणि एक पार्टटाइम मुलगी, एवढाच कारभार आहे.

पण तुमच्या रिव्ह्यूत 'घर आमचं, ट्रस्ट आमचा, तरी दहा वर्षांपूर्वीचे कागद मागून छळलं आणि १५ एप्रिल चुकवली' हे वाचून झोप उडाली. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली आपली माणसं हेच वाचून येतात किंवा येत नाहीत.

कागदांची यादी २० फेब्रुवारीला ईमेल केली होती. तुमच्या भाड्यानं दिलेल्या घराच्या क्लोजिंगच्या (खरेदी पुरी झाल्याच्या) कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला ११ एप्रिलला, रात्री ११.४० ला, आणि नेमका किमतीच्या आकड्यावर अंगठा! परत मागितला तर तुम्ही ट्रस्ट डीड पाठवलंत. काका, त्या डीडवरून घर कोणाच्या नावावर आहे ते कळतं, केवढ्याला घेतलं ते नाही. तुमचा लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच केलेला ट्रस्ट) तुम्ही केव्हाही मोडू शकता, म्हणून आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, घर तुमचंच धरते. भाडं आणि घसारा (इमारत झिजते म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) दोन्ही तुमच्याच रिटर्नच्या, म्हणजे फॉर्म १०४० च्या, शेड्यूल ई या तक्त्यावर येतात. ट्रस्टमध्ये घातल्यानं किंमत नव्यानं ठरत नाही, मूळ खरेदीचीच पुढे चालते. त्यातून जमीन वजा, कारण जमीन झिजत नाही. तुमचे आकडे इथे लिहिणार नाही, पण समजा इमारतीचे २,७५,००० डॉलर निघाले, तर भाड्याच्या घराला लागणाऱ्या साडेसत्तावीस वर्षांच्या हिशेबानं वर्षाला १०,०००. हे दहा हजार आले कुठून, ते दाखवायची जबाबदारी करदात्याची. 'मागच्या रिटर्नमध्ये होते की' एवढ्यावर भागत नाही. बरं, कटकट नको म्हणून घसारा सोडून द्यावा, तर घर विकताना आयआरएस तो घेतलाच असं धरून हिशेब करते.

आणि तारीख चुकवलेली नाही. १४ एप्रिलला फॉर्म ४८६८ भरून मुदतवाढ घेतली, अंदाजे कर त्याच दिवशी तुमच्याकडून भरून घेतला. एका सेंटचाही दंड लागला नाही. ते रिव्ह्यूत कुठेच नाही.

यापुढे यादी मराठीतही देऊ, फोनचंही काहीतरी बघते. काकूंनी भारतातल्या पासबुकांच्या पिशवीतून शेवटी जो मूळ कागद शोधून दिला, तो अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी दोनपर्यंत ऑफिस उघडं असतं.