पेंटबॉलच्या हवेचा तो मेसेज पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: 'पेंटबॉलची हवा आता घरच्या घरी, जवळजवळ फुकट!' पेंटबॉल म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ; ती हवा बंदुकीला लावलेल्या छोट्या बाटलीत असते. मेसेजात म्हटलंय ते थोडक्यात असं. मार्केटप्लेसवर मिळेल ती जुनी स्कूबाची, म्हणजे पाण्याखाली पोहणाऱ्यांची हवेची टाकी घ्या, जुन्या टाक्या जास्त दणकट असतात. हायड्रो टेस्ट (टाकीची पाण्यात होणारी दाबाची चाचणी) म्हणजे डाइव्ह शॉपवाल्यांचा पैसे काढायचा धंदा. एका टाकीत पेंटबॉलची बाटली चाळीस वेळा फुल्ल होते. टाकी मिळाली नाही तर घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर वापरा, 'शेवटी हवाच ती'. निपल (बाटलीचं हवा भरायचं तोंड) घट्ट बसत असेल तर तेलाचा एक थेंब सोडा. सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) जुनी बाटली पडून असेल तर तिचा व्हॉल्व काढून हवेचा रेग्युलेटर (दाब कमी करणारा भाग) लावा. आणि भरताना व्हॉल्व एकदम पूर्ण उघडा, वेळ वाचतो.

हा मेसेज माझ्या बहिणीच्या घरी पोचला. भाचा पंधरा वर्षांचा आहे, दर शनिवारी पेंटबॉल खेळतो. बहिणीच्या सासऱ्यांना रात्री ऑक्सिजन लागतो, त्यामुळे घरात हिरव्या बाटल्या असतातच. मेसेज वाचून भाच्याने आईला विचारलं, 'आजोबांची एक बाटली घेऊ का?' मी शनिवार-रविवार एका डाइव्ह शॉपमध्ये टाक्या भरतो, म्हणून तिने आधी मला फोन केला. तिने तो केला नसता तर काय झालं असतं, या विचाराने अजून डोकं तापतं. म्हणून क्रम वगैरे बाजूला ठेवून ऑक्सिजनपासून सुरुवात करतो.

ऑक्सिजन म्हणजे हवा नव्हे. स्कूबाच्या टाकीत ऑक्सिजन असतो असं आपल्याकडे सर्रास समजतात, बातम्यांतही तसंच छापून येतं. प्रत्यक्षात त्या टाकीत साधी, कोरडी, गाळलेली हवा असते: साधारण 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. आजोबांच्या बाटलीत मात्र जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन असतो आणि तोही 2000 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आसपास. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्यात बाकीचं सगळं पेटतं. एरवी सहज न पेटणारं रबर, प्लास्टिक, ग्रीस, अगदी ॲल्युमिनियमसुद्धा. 1967 साली अपोलो 1 च्या यानात चाचणी चालू असताना आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले, तेव्हा आत शुद्ध ऑक्सिजन होता आणि त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम जास्त होता. इथे आपण त्याच्या शंभरपटीहून जास्त दाबाबद्दल बोलतोय.

आता हा ऑक्सिजन पेंटबॉलच्या बाटलीत सोडताना काय होतं ते बघा. व्हॉल्व उघडला की वायू होजमधून धावतो आणि पुढे बंद टोकावर आदळतो. तिथे आधीपासून असलेला वायू क्षणात दाबला जातो आणि तापतो. 2000 पीएसआयपर्यंतच्या अशा झटक्यात तापमान कागदावर 900 अंश सेल्सियसच्या वर जातं. प्रत्यक्षात थोडी उष्णता धातूत जाते, पण तेल पेटायला एवढं लागतच नाही. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तिथे इंधन याच तत्त्वावर पेटतं. आणि पेंटबॉलच्या मार्करमध्ये (बंदुकीत), रेग्युलेटरमध्ये, ओ-रिंगांवर (रबरी कड्यांवर) तेल आणि ग्रीस असतंच, ते लावावंच लागतं. त्यात वर मेसेजचा दुसरा सल्ला, निपलमध्ये तेलाचा थेंब. म्हणजे इंधन, ऑक्सिजन आणि ठिणगीची सोय एकाच जागी, एका पोराच्या हातात, आणि खेळताना तीच बाटली गालाजवळ.

बहिणीला मी व्हिडिओ कॉलवर आजोबांच्या रेग्युलेटरचं गेज दाखवायला सांगितलं. डायलवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: 'यूज नो ऑइल'. ऑक्सिजनच्या गेजवर हे उगाच छापत नाहीत. बाटलीच्या मानेवर बघा, वायू निघतो त्या भोकाखाली दोन छोटी भोकं असतात. रेग्युलेटरच्या दोन पिना त्यांतच बसतात, म्हणजे दुसऱ्या वायूचं उपकरण चुकूनही लागू नये. स्कूबाचा योक (टाकीच्या व्हॉल्ववर आवळायचा शिकंजा) तिथे बसत नाही तो याच कारणासाठी. मेसेज म्हणतो ऑनलाइन अडॅप्टर मिळतो. मिळत असेल. माणसं मरू नयेत म्हणून केलेली रचना थोडे डॉलर टाकून मोडता येते, एवढाच त्याचा अर्थ.

तेलाबद्दल आणखी एक. साध्या हवेतसुद्धा भरायच्या निपलमध्ये तेल सोडायचं नाही. 3000 पीएसआयच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहिलं तरी घनता दोनशेपट होते, आणि तेल पेटायला ती पुरते. निपल घट्ट असेल तर पुसा, नाहीतर बदला. ती काही महागाची वस्तू नाही.

याच संदर्भात सेकंडहँड टाकी घेणाऱ्यांनी एक गोष्ट बघावी. टाकीवर पिवळा-हिरवा पट्टा आणि नायट्रॉक्स असं लिहिलेलं असेल तर तिच्यात ऑक्सिजन वाढवलेली हवा असू शकते, बहुधा 32 किंवा 36 टक्के. ती पेंटबॉलच्या बाटलीत सोडू नका. रिकामी करून, तपासून, साधी हवा भरून घ्या.

आता 'जुनं ते सोनं' या मुद्द्याकडे. इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, बरोबर उलटा आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरपर्यंत अमेरिकेत बऱ्याच ॲल्युमिनियमच्या टाक्या 6351-टी6 या मिश्रधातूच्या बनत. पुढे लक्षात आलं की सततच्या दाबाखाली या धातूला मानेच्या आट्यांपाशी हळूहळू तडे जातात. बाहेरून काही दिसत नाही, आणि काही टाक्या भरतानाच फुटल्या. लक्सफर कंपनीने 1988 मध्ये तो धातू सोडून 6061 घेतला. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने, म्हणजे डीओटीने, 2006 साली नियमच केला: 6351 च्या स्कूबा टाकीची दर पाच वर्षांच्या हायड्रो टेस्टबरोबर मानेची एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहाने तडे शोधणारी) झालीच पाहिजे, आणि पास झाली की तारखेजवळ 'व्हीई' असा शिक्का मारायचा. संघीय नियमावलीच्या 49 व्या शीर्षकात, कलम 180.209 मध्ये हे कोणालाही वाचता येईल. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडूनही बघितलेलं नाही. अनेक डाइव्ह शॉप 1990 च्या आधीची ॲल्युमिनियमची टाकी, शिक्का असो वा नसो, भरायलाच नकार देतात. ती स्वस्तात विकायला का निघाली आहे हे यावरून कळावं.

म्हणून पैसे देण्याआधी टाकीचा खांदा वाचा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की आकडे उठून दिसतात. '3एएल' म्हणजे ॲल्युमिनियम, '3एए' म्हणजे स्टील, पुढचा आकडा कामाचा दाब. मग उत्पादनाचा महिना-वर्ष आणि त्यानंतरच्या प्रत्येक हायड्रोचा शिक्का. शेवटच्या शिक्क्याला पाच वर्षं उलटून गेली असतील तर त्या टाकीची किंमत टेस्टच्या खर्चासकट धरा, आणि टेस्टमध्ये नापास झाली तर ती भंगार आहे हेही धरा. रंग उडालेल्या जागी गंज किंवा खोल ओरखडे असतील, अंगावर नवीन रंगाचा थर असेल, तर सरळ निघून या.

हायड्रो टेस्ट म्हणजे धंदा, या म्हणण्यात कणभर तथ्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. दरवर्षीची आतून बघायची तपासणी, जिचा गोल स्टिकर लावतात, ती संघीय कायद्याने सक्तीची नाही. तो डायव्हिंग व्यवसायाचा नियम आहे. पाच वर्षांची हायड्रोही मुळात वाहतुकीच्या नियमांत आहे, तुमच्या गॅरेजमध्ये कोणी तपासायला येणार नाही. पण टाकी भरायची कुठे? कोणतंही धड दुकान तारीख उलटलेली टाकी भरत नाही, आणि भरू नयेच. हायड्रोमध्ये टाकी पाण्यात ठेवून कामाच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात आणि ती किती फुगते, किती परत येते ते मोजतात. 3000 पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर साधारण 1360 किलोंचा भार. गाडीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पीएसआय असतो. पाच वर्षांतून एकदा कोणीतरी ते मोजलं पाहिजे, याला मी धंदा म्हणणार नाही.

'चाळीस वेळा फुल्ल' हा मुद्दा तर भागाकाराने संपतो. सगळ्यात प्रचलित टाकी म्हणजे ॲल्युमिनियम 80. तिच्यात 3000 पीएसआयला 77.4 घनफूट हवा मावते. भाच्याची बाटली 48/3000, म्हणजे 48 घनइंच, 3000 पीएसआय. तिच्यात साधारण साडेपाच घनफूट मावते. टाकीतली हवा शेवटच्या कणापर्यंत पिळून काढली तरी चौदाच्या वर आकडा जात नाही, आणि ती तशी पिळता येत नाही. टाकीत पंप नसतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की हवा थांबते, आणि प्रत्येक वेळी टाकीचा दाब उतरत जातो. 800 पीएसआय उरलेली बाटली दर वेळी लावली तर पहिल्यांदा ती 2850 च्या आसपास भरते, चौथ्यांदा 2470, आणि आठ भरण्यांनंतर 2000 ची रेषा गाठते. दिवसभराच्या खेळासाठी हे वाईट नाही, पण ते चाळीस नव्हे.

पोराकडे कार्बन फायबरची 68/4500 असेल तर हे गणित आणखी बिघडतं. 3000 च्या टाकीतून 4500 ची बाटली कधीच पूर्ण भरत नाही. रिकामी बाटली पहिल्याच भरण्याला 2700 वर थांबते आणि पुढे दर वेळी खाली जाते. 'टाकी खराब आहे' म्हणून दुकानात तक्रार घेऊन आलेले पालक मी पाहिले आहेत, टाकी ठणठणीत असायची.

मग टाकी कोणती घ्यायची? 3000 च्या बाटलीसाठी 6061 ची, हायड्रोची तारीख शिल्लक असलेली ॲल्युमिनियम 80 पुरते. मिळते सहज, आणि योक व्हॉल्वची फिल स्टेशनही (टाकीतून बाटली भरायची होज आणि गेजची जोडणी) सहज मिळते. फक्त व्हॉल्वसकट पंधरा-सोळा किलो वजन आहे, हे जिन्यावरून नेणाऱ्याने लक्षात ठेवावं. 4500 च्या बाटलीसाठी 3442 पीएसआयची स्टीलची हाय प्रेशर 100, डीआयएन (आट्यांनी बसणाऱ्या) व्हॉल्वची, बरी पडते. पहिलं भरणं 3150 च्या पुढे जातं. जुनी लो प्रेशर स्टील मात्र नको. ती 2250 ते 2400 ची असते, वर '+' असेल तर 10 टक्के जास्त, बस. खरोखर 4500 हवंच असेल तर अग्निशमन दलाचे लोक पाठीवर वापरतात ती कार्बन फायबरची 4500 ची बाटली लागते, आणि तिथे दोन अडचणी आहेत: तिचं आयुष्य साधारण 15 वर्षांचं ठरलेलं असतं, आणि मार्केटप्लेसवर स्वस्तात दिसतात त्यांतल्या कितीतरी ते ओलांडलेल्या असतात. शिवाय प्रत्येक डाइव्ह शॉपचा कंप्रेसर 4500 पर्यंत जात नाही. टाकी घेण्याआधी दुकानाला फोन करून दोन प्रश्न विचारा: किती दाबापर्यंत भरता, आणि डायव्हिंगचं कार्ड नसलेल्या माणसाला पेंटबॉलसाठी भरून देता का. काही दुकानं देतात, काही देत नाहीत. घरी भरायची कल्पनाच मुळात मूर्खपणाची आहे असं माझं म्हणणं नाही. मैदानापासून लांब राहणाऱ्याला आणि आठवड्यातून दोन-तीनदा सराव करणाऱ्याला ती परवडते.

सीओटूच्या बाटलीवर हवेचा रेग्युलेटर लावायचा सल्ला देणाऱ्याला बाटलीवरचा आकडाही दिसला नसावा. ती 1800 पीएसआयची असते, कारण सीओटू आत द्रवरूपात राहतो आणि खोलीच्या तापमानाला साडेआठशेच्या आसपास दाब देतो. तिच्यात 3000 ची हवा सोडायची? आणि घरी व्हॉल्व काढणं-बसवणं हा स्वतंत्र धोका आहे. नीट न बसलेल्या व्हॉल्वमधून बाटली निसटून उडाल्याने दोघांचा जीव गेल्यावर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2004 साली यावरच इशारा दिला होता.

मेसेज आता पुण्यातही पोचलाय आणि कोणीतरी मालवणच्या डायव्हिंगवाल्यांकडून जुनी टाकी मिळेल का विचारतंय. भारतात गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू आहेत. सिलिंडर मान्यताप्राप्त बनावटीचाच लागतो आणि तो विषय पेसोकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे, जिचं मुख्यालय नागपुरातच आहे. तिथे विचारल्याशिवाय काही खरेदी करू नका.

राहिला व्हॉल्व एकदम उघडण्याचा मुद्दा. हळू उघडा, गेजचा काटा सावकाश चढू द्या. झटपट भरलेली बाटली तापते, गेज 3000 दाखवतं आणि थंड झाल्यावर तीच बाटली 2600 वर येते, म्हणजे वेळही वाचत नाही. भरून झालं की आधी टाकीचा व्हॉल्व बंद, मग ब्लीड स्क्रू उघडून होजमधला दाब सोडायचा, मगच निपल काढायचं. दाबाखालची होज सुटली तर ती तोंडावर येते.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी बाकी काही करू नका, त्याच ग्रुपवर ऑक्सिजनचा आणि तेलाचा सल्ला जीवघेणा आहे एवढं आजच लिहा.