‘नवं कोरं यान मळवून दिलं’ या तक्रारीवर दुकानाचं उत्तर

भाऊ, राम राम. तुमचा अभिप्राय वाचला. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क. पण तुमचं लिहिणं वाचून बाकीचे ग्राहकही फोन करून विचारायला लागले आहेत, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तक्रार थोडक्यात अशी. अमळनेरच्या या भाऊंनी बांदाई या जपानी कंपनीचं मिलेनियम फाल्कनचं, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या अंतराळयानाचं, १/१४४ मापाचं प्लास्टिक मॉडेलचं किट आमच्याकडे बनवायला दिलं. या किटला गोंद लागत नाही, प्लास्टिकही रंगीतच येतं, तरी आम्ही रंगाचे पैसे लावले. मजुरी किटच्या किमतीहून जास्त घेतली. महिन्याभराच्या कामाला तीन महिने लावले. आणि शेवटी हातात दिलं ते काजळी धरलेलं, गंजक्या डागांचं यान. ते पाहून घरी वडील म्हणाले, ‘हाई नवं शे का जुनं?’ वर तोफेची एक नळी तुटली आणि तिथे पांढरी बुरशी आली.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बरोबर ओळखलं. ते जुनंच आहे. जुनं दिसावं म्हणूनच तर इतके दिवस खपलो.

ऑर्डरच्या फॉर्मवर ‘फिनिश कसं हवं’ असा एक रकाना असतो. त्यात तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘सिनेमात दिसतं तसं’. आता सिनेमात ते कसं दिसतं? १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला, त्यात हे यान एका तस्कराचं आहे. मालवाहू, ठिकठिकाणी दुरुस्त केलेलं, मार खाल्लेलं. चित्रीकरणासाठी बनवलेलं मॉडेल पाचेक फुटांचं होतं. बनवणाऱ्यांनी दुकानात मिळणारी रणगाड्यांची, विमानांची प्लास्टिक किटं आणून त्यांचे सुटे भाग त्याच्या अंगावर चिकटवले. वरचे ते नळ, खोकी, जाळ्या दिसतात ना, त्यांतलं बरंच काही मुळात कुठल्यातरी रणगाड्याचं आहे. मग पॅनेलं वेगवेगळ्या रंगांत रंगवली, काही पिवळसर, काही विटकरी, आणि सगळ्यावर काजळी मारली. त्यामुळे कोरं, चकचकीत फाल्कन म्हणजे सिनेमातलं फाल्कन नव्हे. ज्यांना तसं हवं असतं त्यांना तसं देतो, पैसेही कमी लागतात. तुम्ही ते मागितलं नव्हतं.

वेदरिंगच्या, म्हणजे यान जुनं-वापरलेलं दिसावं म्हणून केलेल्या रंगकामाच्या, आधी आणि नंतर असे दोन्ही वेळचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. पहिल्यावर तुमचं उत्तर आहे, ‘अजून थोडं रफ चालेल’. दुसऱ्यावर अंगठा. दोन्ही अजून फोनमध्ये आहेत. इथे टाकत नाही, कारण ते आपल्या दोघांतलं आहे.

आता ‘गोंद नको, रंग नको’ याबद्दल. हे खरं आहे. बांदाईचे भाग खटकन बसतात, सांधेही सहसा दिसत नाहीत, एवढी त्यांची साचेकारी बारीक असते. दहा वर्षांचं पोर रविवारी बसून जोडेल. पण जोडून झाल्यावर जे हातात येतं ते राखाडी प्लास्टिकचं वीतभर खेळणं, आणि त्याचं कारण माप आहे. १/१४४ म्हणजे मॉडेलवरचा एक मिलिमीटर खऱ्या यानावर १४.४ सेंटिमीटर. वस्तू मोठी असली की तिच्या फटींत सावली पडते. वीतभर वस्तूच्या फटीत ती पडतच नाही, आपल्या ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखा पसरतो. म्हणून ती सावली हातानं घालावी लागते. पॅनेलच्या रेघांत पातळ काळपट तपकिरी एनॅमल रंग सोडायचा आणि वरचं पुसून घ्यायचं, याला आम्ही वॉश म्हणतो. मूळ रंगही पांढराशुभ्र मारत नाही, थोडा राखाडीकडे झुकवतो, कारण एवढ्या लहान वस्तूवर शुभ्र पांढरा टूथपेस्टच्या टोपणासारखा दिसतो. तुमच्या फोटोत लाल गोल काढून दाखवलेला ‘डाग’ चार मिलिमीटरचा आहे. खऱ्या यानावर तो पावणेदोन-दोन फुटांचा झाला. इंजिनाच्या मागे एवढी काजळी नसेल तर ते इंजिन कधी पेटलंच नाही म्हणायचं. आपल्या एस.टी.च्या मागच्या पत्र्यावर एक्झॉस्टच्या वर काय असतं ते पाहा.

चाळीसगावचे केकी मूस यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिली नसतील तर एकदा जरूर पाहा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांनी अख्खी दृश्यं उभी केली. उजेड आणि सावली कुठे पडायला हवी हे त्या माणसाला कळत होतं. आमचं काम त्यापुढे काहीच नाही, पण दिशा तीच.

वेळेचा हिशेब जरा सविस्तर देतो, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. किट तुम्ही मार्च संपताना दिलंत. फॉर्मच्या मागे छापलंय की एप्रिल ते जून रंगकाम हवेवर अवलंबून राहील. ही पळवाट नाही. जळगावात पारा ४५ अंशांकडे सरकला की एअरब्रशमधून, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनातून, निघालेला तुषार प्लास्टिकपर्यंत पोहोचता पोहोचताच वाळतो. मग अंगावर बसते ती भुकटी, बोट फिरवलं तर खरखरीत. सुईच्या टोकावर रंग सुकून नोझल तुंबतं ते वेगळंच. त्यावर उपाय म्हणजे वाळणं लांबवणारा रिटार्डर, पण तो जरा जास्त पडला की रंग ओघळतो. कूलर लावावा तर त्याची दमट हवा थेट कामावर. म्हणून मे महिन्यात आम्ही फक्त पहाटे रंग मारतो, लाइट असेल तर. लाइट गेली की कॉम्प्रेसरही गेला. पुढे जूनमध्ये पाऊस लागला की निराळीच गंमत. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, दुधाळ होतो. कोरडा दिवस मिळेपर्यंत हात बांधून बसायचं. हिवाळ्यात बरं असेल म्हणाल, तर तेव्हा जिनिंग सुरू होतात आणि ओल्या ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत थरावर, कापसाचा तंतू येऊन बसतो. खान्देशात मॉडेलं रंगवायला नेमका चांगला महिना कोणता, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्यात प्रायमर मारून झाल्यावर तुमचा मेसेज आला की इंजिन पेटलं पाहिजे, कॉकपिटमध्येही उजेड हवा. आम्ही हो म्हणालो आणि वेळ वाढेल हेही कळवलं. दिव्यांचं काम वरचं-खालचं कवच बंद करण्याआधीचं असतं. घट्ट बसलेल्या खुंट्या न मोडता ते उघडायचं, आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यायचा, नाहीतर पातळ प्लास्टिकमधून उजेड झिरपतो आणि सगळं यान कंदिलासारखं दिसतं. मग वायरींना वाट काढायची. हे आठवड्याभराचं काम तुमच्या तीन महिन्यांतच आहे.

कोटांच्या मध्ये थांबावंही लागतं. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगावर थेट डीकल (खुणांचं छापील पातळ स्टिकर) लावला तर खाली हवा अडकून तो चंदेरी दिसतो, म्हणून आधी ग्लॉस, मग पाण्यात भिजवून सरकवायचे डीकल, पुन्हा क्लिअर, आणि तो पूर्ण वाळल्यावरच एनॅमलचा वॉश. घाई करून उघड्या प्लास्टिकवर वॉश सोडला तर थिनर खटक्यांच्या सांध्यांत शिरतो आणि ताण असलेल्या जागी प्लास्टिक तडकतं. शेवटी मॅट. एक पायरी गाळली असती तर यान पंधरा दिवस आधी मिळालं असतं आणि दिवाळीपर्यंत चिरलं असतं.

मजुरीवर फार बोलत नाही. दर फॉर्मवर होता, सही तुमची आहे. किट स्वस्त म्हणून काम स्वस्त, हे गणित टेलरकडे कोणी मांडत नाही.

नळीचं पाहू. यान दिलं त्या दिवशी दुकानात काढलेल्या तुमच्या फोटोत चारही नळ्या शाबूत आहेत. आणि ती पांढरी बुरशी बुरशी नाही. घरात असतो तो झटकन चिकटणारा गोंद, बोटंही चिकटवतो तो, सायनोॲक्रिलेट. त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि हवेतल्या ओलाव्यानं पांढरी साय धरते. म्हणजे नळी घरी कोणीतरी जोडायचा प्रयत्न केलाय. त्यात रागावण्यासारखं काही नाही, घरात लहान मूल असलं की हे व्हायचंच. शेजारी एक चकचकीत पट्टाही दिसतो, तिथे ओलं फडकं घासलं गेलंय. धूळ उडवायची तर मऊ ब्रशनं. आणि टीव्हीखालचं ते कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, तिथून यान हलवा, उन्हानं डीकल खराब होतील.

पैसे परत मिळणार नाहीत. जे मागितलं होतं तेच दिलंय. पण दोन गोष्टी करतो. यान कोरंच हवं असेल तर आता पुसून ते होणार नाही, सगळं नव्यानं रंगवावं लागेल, त्याचे फक्त रंगाचे पैसे द्या. आणि नळी फुकट बसवून देतो. प्लास्टिकची नको, इंजेक्शनची बारीक सुई कापून लावतो, पुन्हा मोडणार नाही. वडिलांनाही आणा. तसंच एक न रंगवलेलं यान दुकानात काउंटरवर जोडून ठेवलंय, दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या त्यांना.

येण्याआधी एक फोन करा आणि सकाळी अकराच्या आत या, दुपारी शटर खाली असतं. यान स्पंजमध्ये ठेवून आणा. कापसात गुंडाळू नका, नळ्यांना तंतू अडकले तर चिमट्यानं काढता काढता उरलेल्या तीनही जातील.