शनिवार-रविवारसाठी स्टो? खरंच?

आज सकाळपासून ग्रुपवर स्कीच्या ट्रिपचं जे चाललंय ते बघून डोकं उठलंय, म्हणून इथे लिहितेय. तिथे लिहिलं की कुणीतरी हसणारा इमोजी टाकतं आणि विषय तिथेच बारगळतो.

लाँग वीकेंड नाहीये, नुसता शनिवार-रविवार आहे. न्यू जर्सीतल्या एडिसन-पिस्कॅटवेची आपली नेहमीची मंडळी, त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात स्की पायात चढवलेली नाही. आणि ठरतंय काय, तर स्टो! व्हरमाँटमधलं मोठं स्की रिसॉर्ट, तिथल्या सगळ्यात उंच शिखरावर, माउंट मॅन्सफील्डवर. रस्ता मोकळा मिळाला तरी सहा तास. मी म्हटलं, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोजच्या डोंगरांत जाऊ, दीड तासात पोचतो. तर उत्तर आलं, "ती काय टेकडी आहे!"

बरं, टेकडी तर टेकडी. तिकडच्या ब्लू माउंटन रिसॉर्टचा उतार माथ्यापासून तळापर्यंत उंचीत १०८२ फूट आहे, अख्ख्या पेनसिल्व्हेनियात सगळ्यात जास्त. कॅमलबॅकचा ८००. ज्याला अजून थांबता येत नाही, त्याला त्यातले तळाचे शंभर फूटसुद्धा दोन दिवस पुरून उरतात. पुण्यात असताना पहिल्यांदा ट्रेकला आलेल्या माणसाला आपण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने नेत होतो का? मग इथे येऊन काय होतं आपल्याला?

गेल्या हिवाळ्यात आम्हाला असंच ओढून नेलं होतं. रिसॉर्टचं नाव घेत नाही. व्हरमाँटमधलं आहे आणि मोठं आहे, एवढं पुरे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालो, पुढे बर्फ लागला, हॉटेलवर पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. सकाळी रेंटलची रांग. बुटांची वेगळी, स्कीची वेगळी, हेल्मेटची वेगळी. त्यात लेकीचा मोजा बुटाच्या आत दुमडला गेला होता. काय टोचतंय ते तिला सांगता येईना, रडून रडून लाल झाली. शेवटी मी खाली बसून सगळी बकलं उघडली, मोजा ओढून सरळ केला, परत बकलं आवळली. माझी नखं तुटली. तोवर मुलांचा सकाळचा क्लास सुरू होऊन गेला होता.

आता हिशोब करा. जायला सहा तास, यायला सहा तास. व्हरमाँटमध्ये बहुतेक ठिकाणी दुपारी चारच्या सुमारास लिफ्ट बंद होतात. रविवारी जेवून लगेच गाडी काढली नाही तर सोमवारी शाळा आणि ऑफिस कोण करणार? म्हणजे बर्फावर किती वेळ मिळाला, तुम्हीच सांगा. त्या ट्रिपमध्ये रविवारी परतीच्या वाटेवर लेक मागच्या सीटवरून विचारत होती, "आई, आपण स्की कधी करणार?" नवरा काही बोलला नाही. मीही नाही.

आणि ते पासचं तुणतुणं तर बंदच करा. "एपिक पास घेतलाय, वसूल नको का करायला?" अरे, तो एकच पास बऱ्याच रिसॉर्टना चालतो. त्याच पासवर हंटर चालतं, पोकोनोजमधलं जॅक फ्रॉस्ट चालतं, बिग बोल्डर चालतं. हंटर न्यू यॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल्सच्या डोंगरांत आहे, अडीच तासांवर, १६०० फुटांचा उतार. ज्यांना खरंच येतं त्यांचीही तिथे हौस फिटेल. पण हंटरला गेलो म्हणून सांगितलं तर देशात कुणाला काय कळणार? स्टोचा फोटो टाकला की कसं भारी वाटतं! हे मी कुणा एकाला उद्देशून म्हणत नाहीये. (ज्याला लागायचं त्याला लागेल.)

बर्फ तिकडचा चांगला, हे मान्य. इकडे बराचसा मशीनने बनवलेला, सकाळी ठीक असतो आणि संध्याकाळपर्यंत काचेसारखा कडक होतो. आणि स्टोलाही स्प्रूस पीकच्या बाजूला शिकणाऱ्यांसाठी चांगली सोय आहे, तेही मान्य. झालं समाधान?

पण मशीनच्या बर्फाला इतकी नाकं मुरडायचीही गरज नाही. पोकोनोजची माणसं १९५०च्या दशकापासून हेच करत आली आहेत. त्याचं तंत्र आहे. नुसतं तापमान बघून चालत नाही, हवेतला ओलावाही बघावा लागतो. हवा कोरडी असली तर ३२ फॅरनहाइटच्या किंचित वरही बर्फ बनतो, दमट असली तर ३२ लासुद्धा नुसतं पाणी उडतं. म्हणून जायच्या आधीच्या तीन-चार रात्री कशा गेल्या ते बघायचं. कडक थंडी आणि कोरडी हवा असली तर डोळे झाकून जा. मध्येच पाऊस झाला असेल तर सरळ बेत पुढे ढकला. स्टोचं हॉटेल आधीच बुक करून बसलात तर हा पर्यायच राहत नाही, हे कुणी बोलतच नाही.

अजून एक. "आम्ही फक्त ग्रीनवरच जाऊ" असं म्हणणाऱ्यांसाठी. हिरवा गोल (सोपा), निळा चौकोन (मधला), काळा हिरा (अवघड), उतारांवरच्या या सगळ्या खुणा त्या-त्या डोंगरापुरत्या असतात. हिरवा गोल म्हणजे या डोंगरावरचा सोपा रस्ता, बाकी काही नाही. एका ठिकाणचा हिरवा दुसरीकडे निळा निघू शकतो.

चिडून लिहायला बसले होते खरी, पण आता लेकीचं आठवलं की राग जरा उतरतो. त्या ट्रिपनंतर स्कीचं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची. मग आम्ही तिला इथल्याच एका छोट्या टेकडीवर नेलं. सकाळी घरून पोहे खाऊन निघालो, क्लासच्या आधी हातात निवांत वेळ. मोजे मी दोनदा तपासले. शिकवणारे आजोबा सत्तरीचे असतील. पुढे उलटे घसरत जात होते आणि ओरडत होते, "पिझ्झा! पिझ्झा!" म्हणजे स्कीची टोकं जवळ, टाचा बाहेर, की वेग कमी होतो. ती पडली, उठली, मॅजिक कार्पेटवर, म्हणजे वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर, उभी राहून पुन्हा वर गेली. सासूबाई आत खिडकीशी थर्मासमधला चहा घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना नात पूर्ण वेळ दिसत होती. मोठ्या रिसॉर्टमध्ये हे जमतं का? तिथे त्या दिवसभर शाल पांघरून एका कोपऱ्यात बसल्या होत्या, आपली माणसं कुठल्या डोंगराआड आहेत याचा पत्ता नाही. शिवाय ब्लू माउंटन, कॅमलबॅकला संध्याकाळी दिवे लावून स्की चालतं. पोरं दमली तर घरी या, नाही दमली तर अजून दोन तास खेळू द्या.

ज्यांना येतं त्यांनी खुशाल स्टोला जावं, चार दिवस काढून जावं, फोटोही टाकावेत, मी लाइक करीन. पण नवख्यांना घेऊन, दोन दिवसांत, लहान मुलं आणि आजी-आजोबांसकट? मी येणार नाही, आणि ज्यांची पोरं दहाच्या आतली आहेत त्यांनीही जाऊ नये असं मला स्पष्ट वाटतं.

मुलाला मुळात आवडतंय का हेच बघायचं असेल तर आधी ईस्ट रदरफर्डच्या मॉलमधल्या बिग स्नो या स्कीच्या जागेत एक संध्याकाळ घालवा. छपराखालीच आहे, पावसाची भीती नाही. आणि पोकोनोजचं नक्की झालं तर तिकीट, रेंटल, क्लास तिन्ही घरूनच बुक करा. दारात गेल्यावर भाव विचारत बसू नका.

लेकीचे लहान झालेले स्नोपँट आणि जाड मोजे आमच्याकडे पडून आहेत. कुणाला हवे असतील तर इनबॉक्स करा. गॉगल मात्र ज्याचे त्याने आणायचे, ते उधार देऊन मी एकदा घालवलेत.