मातृभाषा डाव्या मेंदूत, इंग्रजी उजव्या मेंदूत? नाही हो!

सध्या व्हॉट्सॲपवर फिरतंय की मातृभाषा डाव्या मेंदूत साठते, परकी भाषा उजव्या, म्हणून इंग्रजी ऐकून मुलांचा मेंदू थकतो. असं काही नाहीये. बहुतेक लोकांत दोन्ही भाषांचं मुख्य काम डावीकडेच चालतं, आणि जागाही बऱ्याच एकच असतात. १९९७ च्या एका एमआरआय अभ्यासात, मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्यांच्या ब्रोका भागात (डाव्या मेंदूतला, बोलण्याशी संबंधित पुढचा भाग) दोन भाषांच्या जागा शेजारी शेजारी पण वेगळ्या दिसल्या होत्या, बहुधा त्याचंच कुणीतरी हे 'डावं-उजवं' करून टाकलं.

खरा फरक आहे तो आवाज ओळखण्यात. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले, तर ६-८ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता आणि १०-१२ महिन्यांच्या बहुतेकांना नाही (आपल्याला ट-त इतकं सोपं वाटतं की विश्वासच बसत नाही!). म्हणजे कान तेच, पण मेंदू रोज ऐकू येणाऱ्या भाषेला सरावतो आणि बाकीचे फरक सोडून देतो. मोठेपणीही सरावाने हे बऱ्यापैकी सुधारतं. परकी भाषा गोंगाटात ऐकताना जास्त मेहनत पडते हे खरंय, पण त्याचा उजव्या मेंदूशी संबंध लावू नका.