कॅनॉलची जागा अखंड राहू द्या

मुठा उजवा कालवा खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यात घालायचं ठरलं आहे. बोगद्याची लांबी सुमारे 28 किलोमीटर. पाणी जमिनीखालून जाऊ लागलं की पुण्यातून जाणारी कॅनॉलची जागा मोकळी होणार. तिचं काय करायचं, यावर आमच्या घरी आणि मित्रमंडळींत आत्तापासूनच दोन तट पडले आहेत. काहींना तिथे मोटारींसाठी रस्ता हवाय, म्हणजे सिंहगड रस्त्यावरचा ताण हलका होईल. बाकीचे म्हणतात, जागा विका आणि बोगद्याचा खर्च भरून काढा. मी न्यूझीलंडमध्ये, डनीडनला राहते. फोनवर हे सगळं ऐकते आणि दर वेळी तेच सांगते. ही जागा तुकडे न करता सरकारी नावावर ठेवा आणि तिच्यावर पहिला हक्क चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा असू द्या.

माझ्या या हट्टामागे इथला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल, म्हणजे जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट आहे. मिडलमार्च ते क्लाइड, 152 किलोमीटर. पूर्वी इथून रेल्वे जायची. क्लाइडच्या धरणाचं सामान वाहून झालं, मालवाहतूक उरली नाही आणि 1990 मध्ये हा मार्ग बंद पडला. रूळ काढले, पण खालची जमीन शेजारच्या शेतकऱ्यांना तुकड्या-तुकड्यांनी विकली नाही. 1993 मध्ये ती सलग पट्टी निसर्गसंवर्धन खात्यानं घेतली, पाठोपाठ स्थानिकांनी न्यास काढून पैसे उभे केले, जुन्या पुलांवर फळ्या टाकल्या, खडी दाबली आणि 2000 साली मार्ग पूर्ण खुला झाला. सुरुवातीला बऱ्याच शेतकऱ्यांना हे नको होतं. अनोळखी माणसं कुंपणाशी येणार, फाटकं उघडी टाकणार, मेंढरं पळणार, ही त्यांची काळजी खरीच होती.

सायकल चालवताना रेल्वेचा सगळ्यात मोठा उपकार पायांना कळतो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून आखणी करणाऱ्यांनी डोंगरांना वळसे घेत, भराव टाकत, पूल बांधत चढ सौम्य ठेवला. त्यामुळे इथे साठी-सत्तरीतली माणसं दिवसभर सायकल चालवतात. पूलबर्नच्या घळीतल्या दोन बोगद्यांत मिट्ट काळोख असतो, विजेरी लागते, आणि बाहेर आलात की समोर उंच पूल. वेडरबर्नच्या आसपास वारा समोरून आला तर सपाट वाटही घाटासारखी दमवते. वाटेतली गावं ओसरत चालली होती. सायकलवाल्यांमुळे तिथल्या खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या चालू लागल्या.

पुण्याच्या मित्रांचा पहिला आक्षेप असा की आपल्याकडे रूळ उखडून सायकली कशाला, लोकांना गाडी हवी आहे. मान्य. विदर्भातल्या शकुंतला या जुन्या नॅरोगेज गाडीच्या मार्गावर लोक ब्रॉडगेज मागतात, ती मागणी रास्त आहे, आणि चालू शकणारी गाडी मारून सायकलमार्ग करायला माझाही विरोधच राहील. ओटागोतही डनीडन ते मिडलमार्च हा तुकडा शहरानं पर्यटकांच्या गाडीसाठी राखला, सायकली त्याच्या पुढे. म्हणूनच मी पुण्यात रेल्वेकडे न बघता कॅनॉलकडे बघते. पाणी उताराच्या अंदाजानं वाहतं, त्यामुळे कॅनॉलची आखणीही रुळांसारखीच सौम्य आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिकडे माणसं कमी, जमीन भरपूर. पुण्यात एक गुंठा मिळत नाही. बरोबर, आणि त्याच कारणानं ही पट्टी सोन्याची आहे. खडकवासला, पर्वती, स्वारगेट, वानवडी, हडपसर, फुरसुंगी अशी सलग जागा आज कुणी संपादित करायला निघालं तर जन्म जाईल. 2017 मध्ये महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, आणि तरीही सायकलमार्ग म्हणजे शंभर पावलांवर संपणारी, मध्ये विजेचा डीपी बॉक्स आणि टपरी असलेली पट्टी, हा अनुभव पुणेकराला नव्यानं सांगायला नको. जानेवारी 2026 मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी जिल्ह्यातले रस्ते नव्यानं डांबरले, ते चांगलंच झालं. पण शर्यतीच्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा डंपर येतो.

एका बाबतीत पुणं ओटागोच्या पुढे जाऊ शकतं, हे मला मनापासून वाटतं. इथला ट्रेल बहुतांशी सुट्टीतल्या लोकांचा आहे. कामावर जाताना डनीडनकर मोटारच काढतो. माझा मामा पर्वतीपायथ्याहून हडपसरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं सायकलनं गेला. आजही पहाटे डबा लटकवून जाणारे सुरक्षारक्षक, मजूर, हॉटेलातली पोरं सोलापूर रस्त्यावर ट्रकच्या शेजारून सायकल हाकतात. कॅनॉलची वाट त्यांना सोमवारी सकाळी हवी आहे. जिथे मोठे रस्ते आडवे जातात तिथे कॅनॉल आधीच पुलाखालून जातो. उंची पुरेल तिथे सायकलही त्याच कोरड्या पात्रातून रस्त्याखालून निघेल.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करणार नाही. कॅनॉलच्या काठाला हजारो माणसं राहतात. 27 सप्टेंबर 2018 ला कॅनॉल फुटला तेव्हा दांडेकर पुलाजवळच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं आणि संसार वाहून गेले. त्यांना हुसकावून सुशोभित वाट करायची असेल तर ती नकोच. आधी जवळपास पक्की घरं, मग वाट.

आता करायचं काय? कॅनॉलच्या हद्दीची मोजणी करून नकाशा लोकांसमोर ठेवावा, आणि बोगद्याचं काम पूर्ण होण्याआधीच ही जागा विकास आराखड्यात वाट म्हणून आरक्षित करावी. नगरसेवकाकडे मागायला हे दोन मुद्दे पुरेसे आहेत. फुरसुंगीच्या पुढे तर कॅनॉल उघडाच राहणार, यवतच्या बाजूनं इंदापूरकडे. त्याच्या कडेचा मातीचा रस्ता जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, आणि शेतकऱ्यांशी बोलून तो सायकलींना खुला करायला बोगद्याची वाट पाहायची गरज नाही.