आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा

व्हॉल्व्ह अँपवरच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या अँप्लिफायरवरच्या) लेखात म्हटलंय की नवख्याला ४-५ वॉटचा सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर चालणारा) अँप पुरे. सरसकट नाही हो! सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये. माझे बुकशेल्फ स्पीकर ८६ डेसिबलचे, म्हणजे कमीच. सदाशिव पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एका ईएल८४ व्हॉल्व्हवर विलंबित ख्याल, तानपुरा अप्रतिम लागायचा. द्रुत सुरू झाली की डग्ग्याचा घुमारा फाटायचा. वॉट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. म्हणून स्पीकर ९२ डेसिबलच्या पुढचे असतील तरच एवढ्या कमी वॉटवर जा, नाहीतर ईएल८४ चाच पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीनं चालवणारा) अँप घ्या, १०-१२ वॉट मिळतात. महागड्या व्हॉल्व्हपेक्षा चांगल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला (व्हॉल्व्हची पॉवर स्पीकरला जुळवून देतो तो) पैसे मोजा, व्हॉल्व्ह काय, नंतरही बदलता येतात. आणि ४ ओहमचा स्पीकर अँपच्या ४ ओहमच्याच टर्मिनलला जोडा.